उचल फिटली, पुढे काय?



दसरा-दिवाळी आली की शिरूर कासार तालुक्यातील वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. भिल्ल, पारधी, बंजारा, वंजारी अशा अनेक समाजांची माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही एका वस्तीवर महिनाभराचे धान्य वाटले. आठवडाभरात जवळजवळ सारी वस्ती कारखान्याला निघून गेली. आमचे काय चुकले? त्यांनी श्रावणातच मुकादमाकडून उचल घेतली होती.

उचल म्हणजे आगाऊ मजुरी. पावसाळ्यात हाताला काम नसते, त्यातच आजारपण किंवा लग्न निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टनामागची मजुरी उचलीतून वळती होते. आजारपणाने खाडे पडले की न फिटलेली रक्कम पुढच्या हंगामावर चढते. गरज श्रावणात आणि मदत दिवाळीत, असे झाले तर फेरा सुटत नाही.

म्हणून योजनांना वेळेचे भान हवे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने काम मागितल्यावर १५ दिवसांत देण्याचे बंधन घातले. आदिवासी व विमुक्त कुटुंबांना स्वतःच्या जागेत विहीर, शेळ्यांचा गोठा अशी कामेही खुली केली. पण मजुरी लांबली की माणूस पुन्हा मुकादमाच्या दारी जातो. २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. मूल शाळेत टिकले, तर त्याच्या हाती कोयता येत नाही.

आम्हीही रीत बदलली. आता जातीचा दाखला आणि रेशनकार्ड काढायला मदत करतो, बचत गटातून आषाढातच कर्ज देतो, आणि शेळ्या देतो. शेळी अडीनडीला विकता येते.

अनुवादाच्या १५ व्या अध्यायात देव सांगतो की, सातव्या वर्षी दासाला मोकळे करताना रिकाम्या हाती पाठवू नका. कळपातून, खळ्यातून उदारपणे द्या. नुसते कर्ज फिटणे देवाला पुरेसे वाटत नाही. मोकळ्या झालेल्या माणसाजवळ उभे राहण्याचे साधन हवे.

तुमचे अर्पण पावसाळ्यापूर्वी पोहोचावे, ही विनंती. या कुटुंबांना प्रार्थनेत आठवा.