विश्लेषण : मुद्दल फिटले, तरी कर्ज का फिटत नाही? लग्नगड्यापासून कर्ज अ‍ॅपपर्यंत पालघरची सावकारी

‘शेकडा दहा’ हा शब्द बोईसरच्या कामगार चाळीतही कळतो आणि मोखाड्याच्या पाड्यावरही. शंभर रुपयांवर महिन्याला दहा रुपये व्याज, म्हणजे वर्षाला १२० टक्के. मात्र सावकारीचा खरा फास केवळ दरात नसतो. कर्ज कधी संपले हे ठरवण्याचा अधिकार एकट्या धनकोच्या हाती गेला, की तो आवळत जातो. धर्मशास्त्रापासून २०१४ च्या कायद्यापर्यंत प्रयत्न राहिला तो हा अधिकार काढून घेण्याचा. पालघर जिल्ह्याने त्याची मोठी किंमत मोजली आहे.

लग्नगडी म्हणजे काय?

डहाणू, तलासरी, पालघर हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून रक्कम घेणारा वारली तरुण ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबत असे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. बायकोलाही मालकाच्या घरी-शेतावर काम करावे लागे. मजुरीतून किती रक्कम वळती झाली, हे मालकाच्या वहीत. वही वाचता येत नसल्याने कर्ज आयुष्यभर चाले, कधी मुलाच्याही माथी येई. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की ‘खावटी’ घ्यायची आणि सुगीत ती दिडीने, म्हणजे एका मणाला दीड मण, परत करायची. चार-सहा महिन्यांत ५० टक्के वाढ.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याच्या अहवालात या वेठीची सरकारी नोंद झाली. परिस्थिती मात्र बदलली ती वारल्यांच्या उठावाने. २३ मे १९४५ रोजी झरी येथे गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेची परिषद झाली आणि वेठ व लग्नगडी पद्धत झुगारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जणांचा बळी गेला. गोदावरीबाईंनी हा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

धर्मांची भूमिका काय?

इस्लामने ‘रिबा’ निषिद्ध मानला. मध्ययुगीन चर्चने व्याज घेणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तीला बहिष्कृत ठरवले. यहुदी धर्मशास्त्राने स्वकीयांकडून व्याज घेण्यास मनाई केली, परक्याकडून घेण्यास मुभा दिली.

भारतीय धर्मशास्त्रांनी व्याजावर सरसकट बंदी घातली नाही, मर्यादा घातली. मनुस्मृती आणि कौटिल्याचे अर्थशास्त्र यांत दरमहा शेकडा सव्वा, म्हणजे वर्षाला १५ टक्के, हा दर आढळतो. मात्र मनुस्मृतीतच वर्णानुसार दोन ते पाच टक्क्यांचे चढते दर आहेत. सर्वाधिक दर शूद्राला, म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याच्यावर ओझे जास्त. त्याच परंपरेतला दुसरा नियम ‘दामदुपट’. एका वेळी वसूल होणारे थकीत व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही तो हिंदूंच्या कर्जांना लागू केला. कर्जाला शेवट हवा, हे तत्त्व त्यात आहे.

साहित्याने सावकार कसा पाहिला?

शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शायलॉक तारण म्हणून शरीराचे मांस मागतो. नाटकातली ही अट अतिशयोक्त वाटते, पण लग्नगड्याचेही तारण त्याचे शरीरच होते. मराठी परंपरेत मात्र सावकाराच्या घरातूनच एक वेगळे उदाहरण मिळते. संत तुकारामांच्या घरी महाजनकी व सावकारी होती. दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर होता. खत जळले की कर्ज जळाले, हा त्यामागचा हिशेब. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या पिळवणुकीची चिकित्सा केली. १९२५ मध्ये बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यातला कर्जबाजारी शेतकरी व्ही. शांताराम यांनी साकारला.

आजचा कायदा काय सांगतो?

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठीला बांधणारे कर्जच रद्द ठरवले. ते फेडण्याची जबाबदारी उरत नाही. तरीही दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे आजही ‘बयाणा’ घेऊन जातात. हंगामाअखेरीस हिशेब पुन्हा मालकाच्या वहीत. २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यात वेठबिगारीच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला, त्यात उसनी रक्कम होती अवघी ५०० रुपये.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याखाली ठरवलेले कमाल वार्षिक दर असे : शेतकऱ्याला तारण कर्ज ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतरांना तारण १५ टक्के, विनातारण १८ टक्के. चक्रवाढ व्याज घेता येत नाही आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. दामदुपट आता धर्म न पाहता सर्वांना लागू आहे.

उदाहरण घेऊ. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंत्राटी कामगाराने खोलीच्या अनामत रकमेसाठी २० हजार रुपये घेतले. कायदेशीर १८ टक्क्यांनी महिन्याचे व्याज होते ३०० रुपये. ‘शेकडा दहा’ने ते होते २,००० रुपये. दहा महिन्यांत २० हजार रुपये व्याज भरूनही मुद्दल जसेच्या तसे. कायद्याची सीमा इथेच संपते. बेकायदा सावकाराचा हिशेब मात्र अकराव्या महिन्यातही सुरूच राहतो.

अ‍ॅप आणि बचत गटांच्या कर्जाचे काय?

रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. त्यांच्यावर नियम रिझर्व्ह बँकेचे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्म कर्ज देताना सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. डिजिटल कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात जमा झाले पाहिजे. सर्व शुल्कांसह वार्षिक दर आधी लेखी कळवला पाहिजे. अ‍ॅपला फोनमधील संपर्क यादी वाचण्याची परवानगी नाही. म्हणून ‘सगळ्या नातेवाइकांना फोन करू’ ही धमकी देणारे अ‍ॅप नियम मोडतच असते.

दाद कुठे मागायची?

सावकाराकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक (सहकारी संस्था) कार्यालयात विचारता येते. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि कर्जाचे विवरण मागणे हा हक्क आहे. कोऱ्या कागदावर किंवा रक्कम न लिहिलेल्या वचनचिठ्ठीवर सही घेणे गुन्हा आहे. सावकारीतून जमीन बळकावली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो व्यवहार अवैध ठरवू शकतात व जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी वा तहसीलदारांकडे करता येते.

पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे आणखी एक तरतूद आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात आदिवासींना कर्ज देण्याच्या व्यवहारावर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा व पंचायत पातळीला देण्याची तरतूद आहे. राज्याने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. कोणी, किती दराने, किती रक्कम दिली हे ग्रामसभेत उघड वाचले गेले, तर हिशेबाची वही एकट्या मालकाच्या घरात राहत नाही. झरीच्या परिषदेत वारल्यांनी मागितले होते ते थोडेफार हेच.