स्त्रीराज्याच्या राणीचे काय?

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळला मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे, गोरखनाथांचे मंदिर आहे. महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. याच गुरुशिष्यांवर ‘प्रभात’ने १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’ हा चित्रपट काढला. अद्भुतकथेतील ठरीव पात्रांच्या जागा त्यात बदललेल्या दिसतात. बंदिवान राजकन्येच्या ठिकाणी येथे स्त्रीराज्यात रमलेला गुरू आहे आणि राजपुत्राच्या ठिकाणी त्याला सोडवू पाहणारा विरक्त शिष्य. हा बदल उसना नव्हे. तो नाथकथेतूनच आला. परंतु राणीचे काय? दुर्गा खोटे यांनी रंगविलेली ही करारी राज्यकर्ती (चेटकीण तर ती खचितच नव्हे!) अखेर मोहाचे निव्वळ साधन ठरते. गोरखाची परीक्षा पार पडते. राणीचे राज्य मात्र मायेबरोबर विरून जाते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढीत नाही.