नवसाचे घोडे आणि संग्रहालयाची भिंत



भूमध्य समुद्रात, इटलीच्या पश्चिमेस, सार्डिनिया नावाचे एक मोठे बेट आहे. १६५२ साली तेथे प्लेगची साथ आली. काल्यारी या मुख्य शहराच्या नगरसभेने तेव्हा संत एफिसियो यांस नवस केला की, साथ हटली तर दरवर्षी आपली मिरवणूक काढू. साथ ओसरली, आणि १६५७ पासून तो नवस फेडला जात आहे. एक मे रोजी संताची मूर्ती काल्यारीहून निघते, समुद्रकाठच्या नोरा या स्थळी जाते आणि चौथ्या दिवशी परत येते. आपल्याकडील पालखीची आठवण व्हावी असाच हा सोहळा. गावोगावचे लोक आपापल्या गावाचा भरतकाम केलेला पोशाख घालून येतात. स्त्रियांच्या अंगावर बारीक तारकामाचे सोन्याचे दागिने असतात. बैलगाड्या फुलांनी आणि विणलेल्या वस्त्रांनी सजतात, आणि बोरूच्या तीन नळ्यांचे लाउनेद्दास नावाचे वाद्य वाजत राहते.

भरतकाम, तारकाम, विणकाम ही सारी तेथील जुनी कसबे. त्यांना कोणी जगविले, असा प्रश्न केला तर उत्तर सोपे आहे. वर्षातून एक दिवस असा येतो की, त्या दिवशी पोशाख तयार असलाच पाहिजे. कारागिराचा खरा धनी तो दिवस होय.

हे समजून घेण्यासाठी आपणांस समुद्र ओलांडावयास नको. भोपाळच्या पश्चिमेस झाबुआ आणि अलीराजपूर हे भिल्ल व भिलाला लोकांचे जिल्हे आहेत. तेथे घरात दुखणे आले, गुरे मरू लागली किंवा पाऊस रुसला, म्हणजे घरधनी पिठोरा देवाला नवस बोलतो. संकट टळले की नवस फेडावयाचा, तो भिंतीवर. कुमारिका भिंत शेणामातीने सारवून पांढरी करतात आणि जाणते चितारी तीवर घोडे काढतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवितात. हे चित्र ‘काढले’ असे कोणी म्हणत नाही. पिठोरा ‘लिहिला’ असे म्हणतात. बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, गात गात एकेक आकृती तपासतो. त्याने मान्यता दिली की चित्र पुरे झाले आणि नवस फिटला. मग जेवणावळ. हे चित्र विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्या ऋणाची ती पावती असते.

आता हे घोडे भोपाळात कसे आले, ते सांगतो. १९८२ साली येथे मोठ्या तलावाच्या काठी भारत भवन उभे राहिले. त्याचे बांधकाम चालू असताना झाबुआकडून आलेली भूरीबाई नावाची एक भिल्ल स्त्री तेथे मजुरीवर माती-दगड वाहत होती. भवनाच्या कलासंग्रहालयाचे प्रमुख, चित्रकार जगदीश स्वामिनाथन, यांनी तिला चित्रे काढण्यास सांगितले. पिठोरा लिहिणे हे परंपरेने पुरुषांचे काम, तो अधिकार तिला नव्हता. परंतु कागदावर झाडे, पशुपक्षी आणि गावचे सण रंगविण्यास कोणाची आडकाठी होती? २०२१ साली भूरीबाईंना पद्मश्री मिळाली.

आपल्या ठाणे-पालघरच्या वारली चित्रांची कथा याच्या नेमकी उलट आहे. लग्नघराच्या गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिण्याचा मान तेथे सवाष्णींचा. त्या चौकावाचून लग्न लागत नसे. पण ती चित्रे लग्नघराबाहेर कागदावर आणून जगापुढे ठेवली ती गंजाडच्या जिव्या सोमा मशे या पुरुषाने, १९७० नंतरच्या दशकात. म्हणजे पाहा, विधीच्या भिंतीवर ज्याला हात लावण्याची मुभा नव्हती, त्याला कागदाने मुभा दिली. तेव्हा संग्रहालय आणि बाजार यांनी लोककलेचे केवळ नुकसानच केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी मी वर्गातील मुलांना घेऊन श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालयात गेलो होतो. तेथे देशातील अनेक आदिवासी जमातींची घरे त्या त्या लोकांच्याच हातांनी उघड्या माळावर उभारली आहेत. अंगण स्वच्छ, भिंती चितारलेल्या. एका मुलीने मला विचारले, “या घरात सण कधी असतो?” मला उत्तर सुचले नाही. घर खरे होते, चित्र खरे होते, पण नवस बोलणारा तेथे कोणी राहत नव्हता.

त्या मुलीचा प्रश्न आणखी एका माणसाची आठवण करून देतो. परधान हे गोंडांचे भाट. ‘बाना’ हे तंतुवाद्य वाजवीत ते यजमानाच्या दारी बडा देवाची गाणी गात आणि धान्य, गुरे, दागिने असे दान घेऊन परतत. कालमानाने यजमान गरीब झाले आणि दाने आटली. १९८१ च्या सुमारास पाटणगढ येथील जनगढसिंह श्याम हा परधान तरुण भोपाळला आला आणि ज्या देवांची त्याचे पूर्वज गाणी गात, त्यांची त्याने चित्रे काढली. एक नवी चित्रशैलीच त्यातून जन्मली, आणि तीवर आज अनेक कुटुंबांची चूल पेटते. स्वतः जनगढ मात्र २००१ साली, वयाच्या चाळिशीच्या आतच, घरापासून फार दूर, जपानमधील एका संग्रहालयासाठी काम करीत असताना निवर्तला. यजमान एकदा दाराशी येई, तेव्हा तो कलावंताच्या ओळखीचा असे. नवा यजमान समुद्रापलीकडे असतो आणि त्याला चित्र हवे असते, दिवस नव्हे.

यावर उपाय काय? संग्रहालये बंद करा, असे मी म्हणणार नाही. त्यांनी कित्येकांच्या हातांना काम दिले आहे. पण सार्डिनियाच्या लोकांनी पोशाख कपाटात ठेवण्याबरोबर एक मेचा दिवसही जपला, हे विसरून चालणार नाही. आपणांसही तेवढे करता येईल. झाबुआच्या घरी नवस फेडावयाचा असेल तेव्हा शहरात कामास असलेल्या चिताऱ्यास रजा मिळावी. शाळेत पिठोऱ्याचा घोडा शिकविताना त्यामागचे दुखणे आणि कृतज्ञताही शिकवावी. आणि प्रदर्शनात एखादे चित्र विकत घेताना किमतीआधी कलावंतास एवढेच विचारावे की, “तुमच्या घरी हे कोणत्या दिवशी काढतात?”

माझा अनुभव असा की, हा प्रश्न ऐकला म्हणजे कलावंत हातातली वस्तू बाजूस ठेवतो आणि बोलू लागतो. ते बोलणे ऐकून घेण्याइतका वेळ आपणांपाशी असावा.