अकरा किलोमीटर तार

लॉग-इन होईपर्यंत लॅबमध्ये नुसता कल्ला असतो. कुणाचा पासवर्ड चुकतो, कुणाचं कॅप्स लॉक चालू राहिलेलं असतं, कुणाच्या मशीनवर पान अर्धंच उघडतं. बाई एकेकापाशी जाऊन भाषेच्या यादीतून मराठी निवडून देतात. पहिला प्रश्न समोर आला की कल्ला आपोआप ओसरतो.

जुन्नर तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा, मुलं सातवीतली आणि स्पर्धा ‘बेब्रास’. लिथुआनियात बिव्हर या प्राण्याला बेब्रास म्हणतात. ओंडके कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा हा मेहनती प्राणी विल्नियस विद्यापीठाच्या प्राध्यापक वॅलेन्टिना डागिएने यांना स्पर्धेसाठी योग्य वाटला आणि २००४ मध्ये त्यांनी ती सुरू केली. आज पन्नासहून अधिक देशांतली मुलं ती देतात. आपल्याकडे ती ‘सीएस पाठशाळा’ भरवते. हा एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा २०१६ पासूनचा उपक्रम. शाळेतल्या एका शिक्षकाने समन्वयक म्हणून मुलांची नावं नोंदवायची आणि ठरलेल्या दिवसांत आपल्या सोयीची वेळ धरून स्पर्धा घ्यायची. मशीन कमी असतील तर तुकड्या पाडायच्या. इथे तेच चाललं होतं. पहिली तुकडी आत होती, दुसरी व्हरांड्यात पाढे म्हणत बसली होती.

संगणक म्हटला की पालकांच्या डोळ्यांपुढे कोडिंग येतं. या प्रश्नांत कोडिंगची एक ओळही नसते. मणी कोणत्या क्रमाने ओवले असतील, कुलपाची कोणती खूण खोटी आहे, यंत्रमानव कोणत्या चौकोनात थांबेल, असले प्रश्न. साधारण तीन मिनिटांत सुटावा आणि आधी काही शिकलेलं नसलं तरी सुटावा, हे प्रश्न बनवणाऱ्यांचं पथ्य. निरनिराळ्या देशांतले शिक्षक आणि संगणकशास्त्रज्ञ दरवर्षी एकत्र बसून ते तपासतात आणि प्रत्येकाखाली, यात संगणकशास्त्र कुठे आहे, याचं टिपण जोडतात. जेनेट विंग यांनी २००६ मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडलं होतं की संगणकीय विचार हे वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या जोडीचं, सगळ्यांना हवं असं कौशल्य आहे. ते म्हणजे नेमकं काय, हे मला सातवीच्या मुलांशेजारी बसल्यावर जास्त चांगलं उमगलं.

सरावासाठी बाईंनी स्वतः एक प्रश्न तयार केला होता. पाच वस्त्या: वरची आळी, देऊळवाडी, माळ, खडकी आणि तळं. वरच्या आळीत वीज आली आहे, बाकी चारही ठिकाणी न्यायची आहे. वरची आळी ते देऊळवाडी २ किलोमीटर, देऊळवाडी ते माळ ३, वरची आळी ते माळ ४, माळ ते खडकी २, माळ ते तळं ४, खडकी ते तळं ५. कमीत कमी किती तार लागेल?

पुढच्या बाकावरच्या मुलाने डेपोतून एसटी सुटावी तशी वरच्या आळीतून सुरुवात केली. देऊळवाडीला एक तार, माळाला एक, तिथून पुढे खडकी आणि तळं. उत्तर १२. त्याच्या मागची मुलगी मात्र वीज कुठे आली आहे ते बघतच नव्हती. सगळ्यांत छोटं अंतर तिने आधी घेतलं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. वरची आळी ते माळ या रेषेवर तिची पेन्सिल थबकली. दोन्ही वस्त्या देऊळवाडीवरून आधीच जोडल्या गेल्या होत्या. तिने ती रेषा सोडली, तळ्याला माळावरून तार नेली आणि ११ लिहिलं.

दोघं हमरीतुमरीवर आली. “वीज जिथे आहे तिथनंच निघणार ना?” हा त्याचा मुद्दा. “निघू दे की, पण तार कुठनं घालायची ते आपण ठरवायचं,” हे तिचं म्हणणं. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी मुलानेच रेषांवरून बोट फिरवून पाहिलं आणि गप्पकन आपली ४ किलोमीटरची तार खोडली.

हाच प्रश्न १९२६ मध्ये ओटाकार बोरूव्का या चेक गणितज्ञाने सोडवला होता. मोराव्हिया प्रांतात विजेच्या तारा कमीत कमी खर्चात कशा न्यायच्या, हे हवं होतं. संगणक तेव्हा कुठेच नव्हता. त्या मुलीची रीत जोसेफ क्रुस्कल या अमेरिकन गणितज्ञाने १९५६ मध्ये मांडली. संगणकशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकवतात.

प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र बोलायला मज्जाव. मागे उभं राहून पाहिलं की कळतं, गडबड बहुतेक वाचताना होते. पहिली ओळ वाचायची, चित्र बघायचं, पर्यायावर क्लिक करायचं आणि तिसऱ्या ओळीतली अट राहून जायची. ज्यांनी कच्चा कागद मागून घेतला त्यांचं गाडं पुढे सरकत होतं. आणि एरवी गणिताच्या तासाला मान खाली घालणारा एक मुलगा बाणांच्या प्रश्नात असा गुंगला की वेळ संपल्याचं त्याला हलवून सांगावं लागलं. प्रश्न मराठीत नसते तर हा मुलगा पहिल्या परिच्छेदातच अडकला असता, याबद्दल मला शंका नाही. म्हणून अशा स्पर्धेचं मराठीत असणं मला फार मोलाचं वाटतं.

मार्कांपेक्षा मला दुसऱ्या दिवशीचा तास महत्त्वाचा वाटला. बाईंनी वस्त्यांचा नकाशा पुन्हा फळ्यावर काढला होता आणि सगळे त्यावर तुटून पडले होते. प्रत्येक वस्तीने आपापल्या सर्वांत जवळच्या वस्तीला तार घालावी, म्हणजे भांडणच नको, असं एकाने सुचवलं. बोरूव्कांची रीत साधारण अशीच सुरू होते. तेवढ्यात ती ११ वाली मुलगी उठली. “बाई, तीन वस्त्या आणि तिन्ही अंतरं सारखीच असली तर? हिने तिला घातली, तिने तिसरीला, तिसरीने परत हिला. मग गोलच होणार.” बोरूव्कांनी मुळातच सगळी अंतरं वेगवेगळी आहेत असं गृहीत धरलं होतं. बाईंनी खडू तिच्या हातात दिला. तिने त्रिकोण काढला, तिन्ही बाजूंवर ३ लिहिले आणि मग एक बाजू पुसून वर्गाला विचारलं, “हीच का पुसली, दुसरी का नाही, ते कोण सांगतं?”