‘मी इथे आलो होतो’

आपल्या इंदूरहून मांडूला जाऊन आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या महालांच्या भिंतींवर हात पोचेल तिथवर कोणाचं तरी नाव, तारीख आणि बाण लागलेला बदाम कोरलेला दिसतोच. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण ही खोड एकट्या आपली नाही, आणि आजकालचीही नाही. तिचे फार जुने पुरावे इजिप्तमध्ये आहेत.

कैरोजवळ सक्कारा इथे जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. तो इ.स.पू. २६५० च्या सुमारास बांधला गेला. दुसरा रामसेस गादीवर होता तेव्हाच ही वास्तू सुमारे १४०० वर्षं जुनी होती, आणि लोक ती मुद्दाम पाहायला येत. रामसेसच्या कारकिर्दीच्या ४७ व्या वर्षी खजिन्यातला हदनख्त नावाचा कारकून भावाला घेऊन तिथे फिरायला आला. तसं त्याने भिंतीवर शाईने लिहून ठेवलं आणि देवांकडे दीर्घायुष्यही मागून घेतलं. गंमत म्हणजे याच परिसरात आणखी एका लेखनिकाने त्रागा केलाय, की इतरांचं हे गचाळ लिखाण बघून जीव विटतो. तक्रार लिहायला त्यालाही भिंतच सापडली!

पुढे ग्रीक आणि रोमन प्रवासी आले. लक्सरजवळच्या मेम्नॉनच्या दोन प्रचंड पुतळ्यांपैकी एक भूकंपात भंगला होता आणि पहाटे त्यातून आवाज येई. तो ऐकायला लांबून लोक येत आणि ऐकला की पुतळ्याच्या पायावर तसं कोरत. इ.स. १३० मध्ये रोमन सम्राट हेड्रियन आला, तेव्हा त्याच्या लवाजम्यातल्या ज्यूलिया बाल्बिला या कवयित्रीने तिथे चक्क कविता कोरवल्या. तो आवाज कधी, कोणी ऐकला हे आज कळतं ते अशाच ओळींमुळे. इजिप्तच्या चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा लेख इ.स. ३९४ चा. तोही फिली बेटावरच्या देवळात एका पुजाऱ्याने भिंतीवर कोरलेलाच.

मग कोणी म्हणेल, जुन्यांचा तो इतिहास आणि आमची ती घाण, हा कुठला न्याय?

उत्तरासाठी अजिंठ्याला जाऊ. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला असताना त्याला या लेणी दिसल्या. दहाव्या लेण्यात त्याने चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरवडली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता. त्यावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज डोक्याच्याही वर दिसतं. त्यामुळे आपल्याला एक तारीख मिळाली, हे खरं. पण किंमत काय पडली? अजिंठ्याला दगडावर भाताचं तूस, काड्या मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग आहे. टोकदार वस्तूने तो रंग निघाला की निघालाच. तज्ज्ञ ती रेघ बुजवू शकतात, पण मूळ चित्रकाराचा हात परत आणू शकत नाहीत.

आणि हदनख्तकडे आपली भेट नोंदवायला आपल्यासारखी साधनं कुठे होती? आपल्याकडे तिकीट आहे, फोटो आहे, मोबाइलमध्ये वेळेसकट नोंद आहे. भिंतीवरच्या नावातून पुढच्यांना नवीन काही कळणार नाही. नुकसान मात्र कायमचं. शिवाय येणारे आज हजारोंनी येतात. २०१३ मध्ये लक्सरच्या देवळात एका १५ वर्षांच्या चिनी मुलाने नाव कोरलं, तर त्याच्या आईवडिलांना जाहीर माफी मागावी लागली. आपल्याकडेही १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘मी इथे आलो होतो’ असं सांगावंसं वाटणं यात वाईट काही नाही. मेम्नॉनपुढे उभ्या राहिलेल्या त्या रोमन बाईला तेच वाटलं आणि मांडूत आपल्यालाही वाटतं. तेव्हा पुढच्या सहलीला जाल तेव्हा वही बरोबर ठेवा. काय पाहिलं, कोण भेटलं, काय कळलं नाही, सगळं लिहा आणि आपल्या अंकाकडे पाठवा. नाव छापून येईल, तेही तारखेसकट.