लेस्ली स्टुअर्टच्या सुरांचा हिशेब

मँचेस्टरच्या ऑक्सफर्ड रोडवर ‘होली नेम’ नावाचं जेझुइट पाद्र्यांचं भव्य चर्च आहे. १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथला ऑर्गनवादक होता टॉमस ऑगस्टिन बॅरेट. त्याआधी, वयाच्या पंधराव्या वर्षापासून, शेजारच्या सॅल्फर्डच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये त्याने हीच नोकरी केली होती. रविवारी प्रार्थनासंगीत वाजवणारा हा तरुण एरवी वेगळ्या नावाने वेगळीच गाणी लिही आणि बांधी. चर्चमध्ये तो बॅरेट होता. गाण्यांच्या छापील प्रतींवर त्याचं नाव असे लेस्ली स्टुअर्ट. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दहा वर्षांत इंग्लंडच्या ओठांवर जी गाणी रुळली, त्यांतली काही सर्वांत देखणी गाणी याची.

त्याचा जन्म १८६३ साली साउथपोर्टचा, बालपण लिव्हरपूलमधलं. स्टेफन हा भाऊ ‘लेस्टर बॅरेट’ या नावाने रंगमंचावर विनोदी गाणी गायचा, तेव्हा म्युझिक हॉल, म्हणजे गाण्या-विनोदांची ती लोकप्रिय करमणूक, या घराला परका नव्हता. स्टुअर्टचा स्वभाव उद्योगी होता. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये तो स्वतः मैफली भरवायचा आणि पादेरेव्हस्कीसारख्या पियानोवादकाला तिथे आणायचा. अभिजात संगीत आणि बाजारू गाणं यांच्यामधली भिंत त्याने मानलीच नाही. त्याच्या चाली इतरांपेक्षा वेगळ्या का वाटतात, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

म्युझिक हॉल दारूच्या गुत्त्यांतून वाढला. चार्ल्स मॉर्टनने १८५२ साली लंडनच्या लॅम्बेथ भागात आपल्या गुत्त्याला जोडून ‘कँटरबरी हॉल’ उघडला. प्रेक्षक टेबलांशी बसून खात-पीत, आणि एक ‘चेअरमन’ लाकडी हातोडी आपटून पुढच्या कलावंताचं नाव पुकारी. शतक संपत आलं तेव्हा या गुत्त्यांची झुंबरं-गालिच्यांची प्रेक्षागृहं झाली होती. नावाजलेला गायक एका रात्रीत तीन-चार हॉल करी. एका ठिकाणचं गाणं संपलं की बग्गीत बसून पुढच्या ठिकाणी. त्याला सतत नवं गाणं लागे, आणि ते तो संगीतकाराकडून रोख विकत घेई, बहुतेक वेळा एक-दोन गिनींना. त्यानंतर ते गाणं लाखोंच्या तोंडी गेलं, तरी रचणाऱ्याला त्या रात्रींचं काहीच मिळत नसे.

स्टुअर्टला त्याचा गायक मिळाला युजीन स्ट्रॅटनच्या रूपाने. मूळचा अमेरिकेतल्या बफेलोचा, मिन्स्ट्रेल मंडळींबरोबर १८८०च्या सुमारास तो लंडनला आला आणि तिथलाच झाला. ‘लिटल डॉली डेड्रीम’ (१८९७) आणि ‘लिली ऑफ लगूना’ (१८९८) ही दोन गाणी स्टुअर्टने त्याच्यासाठीच केली. स्ट्रॅटनचा आवाज बेताचा होता, पण मऊ तळव्याच्या बुटांत तो जवळजवळ आवाज न करता नाचायचा, मधेच शीळ घालायचा. स्टुअर्टने हे हेरलं. गाण्यात त्याने नाचाला मोकळी जागा ठेवली, आणि धृपदाआधीचा भाग असा लांब, वळणावळणाचा बांधला की ठेका मधेच बदलतो आणि वाक्य अपेक्षेच्या पुढे जाऊन थांबतं. चार-चार मात्रांच्या ठरीव साच्यात बसवलेल्या तेव्हाच्या गाण्यांत हे उठून दिसतं. ऑर्गनवर वर्षानुवर्षं लांब स्वरवाक्यं हाताळलेला माणूसच असं लिहू शकतो.

पण ही गाणी स्ट्रॅटन तोंडाला काळं फासून गायचा. गोऱ्या नटाने काळ्या माणसाचं सोंग काढायचं आणि त्याच्या बोलीची, प्रेमाची गंमत करायची, हा ‘मिन्स्ट्रेल’ नावाचा त्या काळचा राजमान्य करमणुकीचा प्रकार होता. ‘लिली ऑफ लगूना’चे मूळ शब्द आज वाचवत नाहीत. पुढे ते बदलून गायले गेले आणि चाल टिकली. शब्द स्टुअर्टचेच होते, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. चालीचं सौंदर्य आणि शब्दांतला अपमान एकाच हातचे आहेत. या गाण्याबद्दल बोलताना दोन्ही सांगायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं.

‘सोल्जर्स ऑफ द क्वीन’ची गोष्ट निराळी. १८९५ साली ‘अॅन आर्टिस्ट्स मॉडेल’ या संगीत प्रयोगात हेडन कॉफिनने ते गायलं. १८९७ साली राणीच्या हीरक महोत्सवात ते गाजलं आणि दोन वर्षांनी बोअर युद्ध पेटल्यावर तर बंदरावर, स्टेशनांवर, सैन्याच्या बँडवर सगळीकडे तेच. साम्राज्याच्या उन्मादाला सूर देणाऱ्या गाण्यांत त्याचा क्रम बराच वर लागतो.

आता पैशाचं बघू. तेव्हा रेकॉर्ड नुकत्याच येत होत्या. खरी कमाई छापील स्वरलिपीची. मध्यमवर्गीय घरात पियानो आलेला होता, आणि रात्री हॉलमध्ये ऐकलेलं गाणं वाजवायला लोक दुकानातून प्रत आणत. ती साधारण एक शिलिंग चार पेन्सला पडे. फोटोवरून छपाई करणाऱ्या फोटोलिथोग्राफीने हुबेहूब नक्कल सोपी केली, आणि फेरीवाले तीच प्रत रस्त्यावर दोन पेन्सला विकू लागले. गाणं जितकं लोकप्रिय, तितकी चोरी जास्त. स्टुअर्टची गाणी अर्थातच या बाजारात जोरात होती. १९०२च्या कायद्याने अशा प्रती जप्त करता येऊ लागल्या, पण छपाईखान्यावर धाड घालणं अवघड होतं, आणि फेरीवाला खोटं नाव सांगून मोकळा होई. १९०५ साली प्रकाशकांनी वैतागून नवं संगीत छापणंच थांबवायचं जाहीर केलं. ‘चाच्यांचा राजा’ म्हणून ओळखला गेलेला विलेट्स १९०६च्या सुरुवातीला नऊ महिन्यांसाठी तुरुंगात गेला, आणि त्याच वर्षी खासदार टी. पी. ओ’कॉनर यांच्या विधेयकाचा कायदा झाला. बेकायदा प्रती छापणं-विकणं तेव्हा कुठे फौजदारी गुन्हा ठरला.

गाणं जाहीरपणे गायल्याबद्दल संगीतकाराला मोबदला का मिळत नव्हता, याचं मूळ आणखी मागे आहे. हॅरी वॉल नावाचा एक माणूस जुन्या गाण्यांचे प्रयोगहक्क गोळा करी, आणि एखाद्या गरीब गायकाने धर्मादाय कार्यक्रमात त्यांतलं एखादं गायलं की त्याच्याकडून चाळीस शिलिंगांचा दंड वसूल करी. लोक खवळले. १८८२च्या कायद्याने मग ठरवलं की प्रयोगहक्क राखायचा असेल तर तसं प्रतीवर छापायला हवं. प्रकाशकांना खप हवा होता, म्हणून त्यांनी उलट ‘हे गाणं कुणीही विनामोबदला गावं’ असंच छापायला सुरुवात केली. एका लुबाडणाऱ्यामुळे संगीतकारांची अख्खी पिढी आपल्या हक्काला मुकली. परफॉर्मिंग राइट सोसायटी उभी राहिली ती १९१४ साली. तोवर स्टुअर्टचा बहर ओसरला होता.

त्या बहराचं शिखर होतं ‘फ्लोरोडोरा’. ११ नोव्हेंबर १८९९ रोजी लंडनच्या लिरिक थिएटरमध्ये हे संगीत नाटक उघडलं आणि त्याचे ४५५ प्रयोग झाले. गोष्ट फिलिपिन्समधल्या एका बेटावर बनणाऱ्या अत्तराची, आणि खरं सांगायचं तर लक्षात राहण्याजोगी नाही. लक्षात राहिलं ते ‘टेल मी प्रिटी मेडन’: सहा तरुण, सहा तरुणी, सवाल-जवाबासारखी बांधणी, आणि संपता संपत नाही अशी डौलदार चाल. न्यूयॉर्कमध्ये १९००पासून या नाटकाने पाचशेहून जास्त प्रयोगांचा पल्ला गाठला. त्यातल्या सहा मुली स्वतःच एक दंतकथा झाल्या. त्याच वर्षी लंडनच्या संचातल्या नटांच्या आवाजात बर्लिनर कंपनीच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या, पियानोवर खुद्द स्टुअर्ट.

‘द सिल्व्हर स्लिपर’, ‘द स्कूल गर्ल’, ‘द बेल ऑफ मेफेअर’, ‘हवाना’ ही नाटकं पाठोपाठ आली. चालली, पण ‘फ्लोरोडोरा’ पुन्हा घडलं नाही. १९११च्या ‘पेगी’नंतर लंडनच्या रंगभूमीची आवड रॅगटाइमकडे वळली. स्टुअर्टचा हात सढळ, घोड्यांवर पैसे लावायची सवय मोठी. त्याचं दिवाळं निघालं. त्यानंतर त्याने केलं ते मला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत धीराचं काम वाटतं. तो व्हरायटीच्या, म्हणजे म्युझिक हॉलच्या, रंगमंचावर चढला, पियानोशी बसला आणि स्वतःची जुनी गाणी वाजवू लागला. सोबत गायला मुलगी मे. ज्या हॉलमध्ये पूर्वी स्ट्रॅटन ही गाणी गाजवायचा आणि याच्या हाती काही लागत नसे, तिथे आता त्या रात्रीच्या कामाचे पैसे थेट संगीतकाराला मिळत होते. २७ मार्च १९२८ रोजी रिचमंडमध्ये त्याचं निधन झालं. १९४१ साली त्याच्यावर ‘यू विल रिमेंबर’ हा चित्रपट निघाला. स्टुअर्टचं काम रॉबर्ट मॉर्लीने केलं.