नव्वी आली, मग एक्का आला

पोकर खेळणाऱ्यांची लाडकी तक्रार म्हणजे ‘बॅड बीट’: पाने आपली भारी, पैसे लावले तेही योग्य वेळी, आणि शेवटच्या पानाने डाव उलटला. नो-लिमिट होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात 2 पाने असतात, टेबलावर सगळ्यांसाठी 5 उघडतात आणि कोणत्याही फेरीत समोरच्या साऱ्या चिप्स पुढे सारता येतात. म्हणूनच एका पानाचा फटका एवढा मोठा बसतो. या फटक्याला नशिबाचा अन्याय म्हणण्याची रीत आहे. पण पैसे लावले त्या क्षणी किती पाने आपल्या बाजूने होती एवढेच विचारले, तर अन्यायाची भाषा गळून पडते आणि नुसता हिशेब उरतो.

लास वेगासमधल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’चा 2003 चा मुख्य सामना घ्या. 839 खेळाडूंपैकी 10 उरले होते. टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर याच्याकडे एक्का-राणी, तर कसलेला फिल आयव्ही नव्व्यांची जोडी घेऊन बसलेला. टेबलावर 2 राण्या आणि एक छक्की उघडली. मनीमेकर कितीतरी पुढे गेला. चौथे पान नव्वी आले, आयव्हीचे फुल हाउस (एका किमतीची तीन आणि दुसरीची दोन पाने) झाले, त्याने सगळ्या चिप्स लावल्या आणि मनीमेकरने कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या. दोघांनाही न दिसलेल्या 44 पानांपैकी 3 एक्के, 3 छक्क्या आणि 1 राणी, अशी 7च पाने मनीमेकरला तारणारी होती. म्हणजे सुमारे 16 टक्के. एक्का आला. आयव्ही दहावा येऊन बाहेर पडला, मनीमेकरने पुढे 25 लाख डॉलर जिंकले. ही गोष्ट नेहमी एक्क्यापासून सांगतात. ती नव्वीपासून सांगितली, तर आधी मार बसला तो मनीमेकरला: तेव्हा 45 पानांत नव्व्या फक्त 2 होत्या. आयव्हीने पैसे लावले ते मात्र 84 टक्के बाजूने असताना. निकाल विरुद्ध गेला म्हणून तो निर्णय चुकीचा ठरत नाही.

चकित करणाऱ्या कॉललाही हीच फूटपट्टी लागते. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 100 रुपये असताना कुणी 50 लावले, तर 50 टाकून 200 चा डाव मिळू शकतो. चारात एकदा जिंकलो तरी बरोबरी होते. त्यामुळे तीनदा हरणारा कॉलही शहाणपणाचा असू शकतो. उलट, समोरच्याच्या थापेलाही हरतील अशी पाने घेऊन केलेला कॉल एखादे वेळी लाखो मिळवून देतो, पण त्या लाखांमुळे तो विचारपूर्वक केलेला ठरत नाही.

यावर आक्षेप येईल की, मग हा जुगारच झाला. एका हातापुरते ते खरेच आहे. कौशल्य दिसते ते हजारो हातांनंतर. आणि बाद झालेल्या खेळाडूला त्या स्पर्धेत पुढचे हजार हात मिळत नाहीत, हेही तितकेच खरे. कौशल्य आहे म्हणून खिसा सुरक्षित, असे मुळीच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या संसदेने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद करताना कौशल्य आणि नशीब असा भेदच ठेवला नाही. पण नशिबाचा हा वाटा काढून टाकला, तर कच्चा खेळाडू पक्क्यासमोर बसेलच कशाला? आयव्हीच्या 84 टक्क्यांना किंमत होती, कारण उरलेले 16 खरे होते.